खिळ्यावरचा पट्टा

मला कुत्रं चावलं म्हणून माझा जाहीर सत्कार झाला. शाल, नारळ, गुच्छ. पोटरीला पट्टी बांधलेली असताना दोघींनी धरून मला मंचावर चढवलं आणि गावाने टाळ्या वाजवल्या. जिल्हा परिषदेच्या शाळेत मी इतकी वर्षं पोरांना वाचायला शिकवलं, त्याबद्दल मला कुणी साधं फूल दिलं नव्हतं. आयुष्यातला एकमेव सन्मान मिळाला, त्यातही कर्तृत्व कुत्र्याचं.

ती शाल अजून आहे. तिच्यावर कुत्रं झोपतं. कोणतं, ते सांगण्यासाठीच हे लिहायला घेतलं.

आमचं गाव वडवणीहून धारूरकडे जाताना लागतं. नाव सांगत नाही. सांगितलं तर तिथले लोक चिडतील, आणि न सांगितलं तरी आसपासच्या चार गावांना ते आपलंच वाटेल. गावात एक दूध सोसायटी होती, तिला एक चेअरमन होते, चेअरमनची बायको सरपंच होती. सरपंचांची सही चेअरमन करत नसत, एवढं खरं. सही कुठे करायची ते दाखवत. म्हणजे दूध, पाणी, रस्ता आणि दिवाबत्ती ही सगळी खाती एकाच ओसरीवर बसून चालत.

मी विहारामागच्या गल्लीत राहायचे. गल्लीतली निम्मी घरं दरवर्षी दिवाळी झाली की ऊसतोडीला जायची. शेजारच्या घरातून मुलगा आणि सून जायची. मागे राहायची म्हातारी, दोन नातवंडं आणि एक कुत्रं. म्हातारीला मी मावशी म्हणायचे. ती मला मास्तरीणबाई म्हणायची, आणि रागावली की नुसतं "ए मास्तरणी".

जाण्याच्या दिवशी आमच्या गल्लीत एक रीत पाळली जायची. ट्रकमध्ये भांडी चढली, कोयते चढले, पोरं चढली, की घरची बाई शेवटी कुत्र्यापाशी यायची आणि त्याच्या गळ्यातला पट्टा काढायची. हे पट्टे दुकानातले नसत. बैलाच्या जुन्या गळपट्ट्यातून कापलेले, एखादं घुंगरू राहिलेलं. तो पट्टा दाराशेजारच्या खिळ्याला अडकवायचा आणि परत आल्यावर, घरात पाऊल टाकायच्या आधी, पुन्हा कुत्र्याच्या गळ्यात घालायचा. कारण साधं होतं. मागे बघणारं कुणी नाही. बोरी-बाभळीच्या कुंपणात पट्टा अडकला तर कुत्रं तिथेच फास बसून मरायचं. गल्लीत पूर्वी तसं घडलेलं होतं. शिवाय घरचं चूल-पाणी बंद झाल्यावर कुत्र्याने स्वतःचं पोट स्वतः शोधायचं, तर त्याला मोकळं सोडायला हवं. पट्टा काढणं म्हणजे टाकून देणं नव्हतं, रजा देणं होतं. खिळ्यावर पट्टा दिसतोय तोवर ते कुत्रं त्या घरचंच.

त्या वर्षी सुनेने पट्टा खिळ्याला लावला आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "मॅडम, म्हातारीला रातीचं दिसत न्हाई. ह्यो दारात पडून ऱ्हायला की मला तिकडं फडात झोप लागती. येळेला भाकर टाका त्याला."

"टाकीन."

"आन् शिळी टाका. ताजी दिली तर शेफारतंय."

दुष्काळाचं वर्ष होतं. माघातच विहिरी तळाला गेल्या. गावाबाहेर माळावर जनावरांची चारा छावणी उघडली. ती चालवायला दूध सोसायटीने घेतली, म्हणजे चेअरमननी घेतली. छावणीच्या तोंडाशी कमान उभी राहिली. कमानीवर चेअरमनचा हात जोडलेला फोटो होता आणि त्याच्या आकाराच्या मानाने खालच्या गाई वासरांसारख्या दिसायच्या. कमानीच्या खांबाला चेअरमनचं कुत्रं बांधलेलं असायचं. काळं-तांबडं, कान उभे, वासराएवढं. कुणी तरी पुण्याहून भेट दिलेलं. त्याला एका परदेशी सम्राटाचं नाव ठेवलं होतं आणि चेअरमन ते दर वेळी वेगळ्या पद्धतीने उच्चारायचे.

त्या कुत्र्याकडे मी आधी कधी नीट पाहिलं नव्हतं. पाहिलं असतं तर कळलं असतं, की ते दिवसभर उन्हात आहे. सावलीला पत्रा होता, पण साखळी तिथपर्यंत पोचत नव्हती. लोक येता-जाता फोटो काढायचे, पोरं खडे मारायची. त्याला कुणी कधी फिरवलं नाही, हाताने कुरवाळलं नाही. ते राखणीला नव्हतंच, शोभेला होतं. कमानीसारखं.

माझ्या वर्गातली पोरं छावणीत राहायला गेली होती. जनावरं तिकडे, म्हणून आई-बाप तिकडे, म्हणून पोरं तिकडे. मी दर दोन-चार दिवसांनी सकाळी जाऊन त्यांना गोळा करून आणायचे. त्या दिवशी कमानीतून आत जाताना पोटरीत काही तरी घुसलं. आधी वाटलं काटा. खाली बघितलं तर सम्राट.

चार माणसांनी ते पाहिलं. चौघांपैकी एकाने साखळी ओढली. दुसऱ्याने हळद आणायला माणूस धाडला. तिसरा म्हणाला, "मॅडम, तुमी कडंनी यायचं ना." चौथा काही बोलला नाही, आणि त्यानंतरही कधी बोलला नाही.

जखम साबणाने धुऊन मी बीडला गेले, कारण जवळच्या दवाखान्यात त्या दिवशी लस नव्हती. तिथल्या डॉक्टरने विचारलं, "कुत्रं पाळीव की मोकाट?"

"पाळीव. बांधलेलं."

"त्याला लस दिलीय का?"

"माहीत नाही."

"विचारा. आणि नजरेखाली ठेवायला सांगा. पिसाळलं किंवा मेलं तर लगेच कळवा. पण काहीही असलं तरी तुमची इंजेक्शनं तुम्ही सगळी घ्यायची."

मी थेट चेअरमनच्या ओसरीवर गेले. ते चहा पीत होते. मला खुर्ची दिली, चहा दिला, पायाकडे बघून "अरारा" म्हणाले. माणसं वाईट नसतात. वाईट व्हायला त्यांना थोडा वेळ लागतो.

"तुमच्या कुत्र्याला रेबीजची लस दिलीय का?" मी विचारलं.

"मॅडम, त्याला काय कमी हाय? रोज दोन अंडी खातंय."

"अंडी नाही. लस."

"ते इंपोर्टेड हाय. त्याला असलं काय व्हत न्हाई. हे जे पिसाळणं-बिसाळणं हाय ना, ते गावठी कुत्र्याला."

"पण मला ते चावलंय, चेअरमन."

त्यांनी बशी खाली ठेवली. "आमचं कुत्रं चावत न्हाई," ते शांतपणे म्हणाले. "दुसरं आसंल. छावणीवर लई मोकाट कुत्री झाल्यात. मीच म्हणलो परवा, एखाद्या माणसाला धरतील. बगा, धरलंच."

"माझ्या पायाला डोळे नाहीत, पण मला आहेत. मी खाली बघितलं."

"मॅडम, तुमी घाबरला व्हता."

मी पुष्कळ पुस्तकं वाचलेली आहेत. माणसाने डोळ्यांनी पाहिलेलं त्याला खोटं कसं ठरवतात, याबद्दल त्यांत बरंच लिहिलेलं आहे. ओसरीवर, चहाची बशी समोर ठेवून, इतक्या आपुलकीने ते करतात, हे कुठे वाचलं नव्हतं.

संध्याकाळपर्यंत गावात एकच बातमी होती : मॅडमला मोकाट कुत्र्याने फाडलं. बाजाराच्या दिवसापर्यंत फ्लेक्स लागला. 'शिक्षिकेवरील भ्याड हल्ल्याची गंभीर दखल! मोकाट श्वान बंदोबस्त मोहिमेचा भव्य शुभारंभ!' भ्याड हा शब्द मी खूप वेळ वाचत उभी राहिले. कुत्र्याने आधी पत्र पाठवायला हवं होतं बहुधा.

सरपंचबाई स्वतः बोलवायला आल्या. "या हो मॅडम, तुमच्यासाठीच केलंय समदं." मी जायचं ठरवलं. माझ्या हातात माईक येणार होता, आणि मला तो हवा होता.

मंडप शाळेच्या पटांगणात होता. समोर जाळीची गाडी उभी होती, कुठून तरी भाड्याने आणलेली. गाडीला हार घातला होता. चेअरमननी बोनेटवर नारळ फोडला, सरपंचबाईंनी हळदकुंकू लावलं. भाषण चेअरमननी केलं. सहकार, दुष्काळ, माता-भगिनी, संस्कृती. मग नियम सांगितला : "ज्याच्या गळ्यात पट्टा न्हाई, त्याला मालक न्हाई. ज्याला मालक न्हाई, त्याचा बंदोबस्त!" टाळ्या पडल्या.

मला शाल घातली आणि माईक दिला. मी म्हणाले, "मला चावलेलं कुत्रं मोकाट नाही. ते छावणीच्या कमानीला बांधलेलं आहे. त्याच्या गळ्यात पट्टा आहे, आणि त्याला लस दिलेली नाही."

मंडपातल्या माना चेअरमनकडे वळल्या. मग चेअरमन मोठ्याने हसले. "मॅडमला विनोद लई जमतो," ते दुसऱ्या माईकवर म्हणाले. "शाळेत पोरं खूश असत्याल." मंडपही हसला. माझा माईक कुणी तरी हळूच काढून घेतला, जसा लहान मुलाच्या हातून विळा काढून घेतात. आणि बँड वाजायला लागला.

बँड वाजत असताना गाडी मंडपासमोरून निघून गेली होती. कुठे, ते तेव्हा माझ्या ध्यानात आलं नाही. घरी परतले तेव्हा गल्ली गप्प होती. आमच्या गल्लीत शिरलं की कुठलं तरी कुत्रं उठून अंग झाडायचं. एकही उठलं नाही. मावशी दारात उभी होती. एका हातात काठी, दुसऱ्या हातात खिळ्यावरचा पट्टा.

"नेलं," ती म्हणाली. "तारंचा फास टाकून. म्या म्हणलं, आमचं हाय. त्ये म्हणलं, पट्टा कुठाय. म्या पट्टा आणस्तोवर गाडी गेली."

सगळी गल्ली उचलली होती. ऊसतोडीला गेलेल्यांचीच सगळी कुत्री. पट्टे घरोघरी खिळ्यांवर.

ज्यांनी नियम केला त्यांना ही रीत ठाऊक नव्हती असं नाही. त्याच गावात जन्मलेली माणसं. चेअरमनच्या वडिलांनीही कोयता धरला होता असं लोक सांगायचे. पण गावात राहिलेल्यांची कुत्री धरली असती तर संध्याकाळी ओसरीवर भांडण आलं असतं. गेलेल्यांच्या दारात भांडायला होती ती रातांधळी म्हातारी. माझ्या पायाचं निमित्त करून, माझ्या नावाने, माझ्या अंगावर शाल असताना त्यांनी हे केलं. त्या रागाची धार अजून गेलेली नाही, आणि ती जावी अशी माझी इच्छाही नाही.

मी मावशीला घेऊन ग्रामपंचायतीत गेले. ग्रामसेवक सुस्वभावी होते. मावशीने पट्टा टेबलावर ठेवला. घुंगरू वाजलं.

"ह्यो बगा पट्टा. आता आमचं कुत्रं द्या."

"मावशी, पट्टा कुत्र्याच्या गळ्यात पायजे. तुमच्या हातात असून काय उपयोग?"

"आमी कशापायी काढतो ते तुला ठावं न्हाई? तुझी मायबी काढायची."

ग्रामसेवकांनी खिडकीबाहेर पाहिलं. "गाडी गेली आता," ते म्हणाले. "मारलं न्हाई कुणाला. घाटात सोडली."

धारूरच्या घाटात. मारलं नाही हे खरं होतं. नुसतं उन्हाळ्याच्या तोंडावर, पाण्याचा थेंब नसलेल्या डोंगरात सोडलं होतं. दुसऱ्या दिवशी मी रजा टाकली. मावशीने भाकरी बांधून घेतल्या आणि आम्ही एसटीने गेलो. वळणावर उतरलो. मावशी रस्त्याच्या कडेने काठी टेकत चालत होती आणि "यू, यू, यू" करत होती. तिच्या कुत्र्याला नाव नव्हतं. एवढ्या हाकेला ते गावाच्या दुसऱ्या टोकाहून यायचं.

कुत्री आली. बरीच आली, झुडपांतून, पुलाखालून, बरगड्या मोजता येतील अशी. आमच्या गल्लीतलं त्यात एकही नव्हतं. ही दुसऱ्या गावांची होती. आसपासची सगळीच गावं आपापली कुत्री इथे आणून सोडत असणार, आणि एकमेकांना सांगत नसणार. सहकार म्हणतात तो हाच असावा.

मावशीने सगळ्या भाकरी मोडून टाकल्या. पट्टा पदरात धरून ती दुपारपर्यंत हाका मारत राहिली. बरोबर आणलेली आमची पाण्याची बाटलीही तिने खडकाच्या खोलगट भागात ओतली.

त्यानंतर मी तिच्या ओट्यावर झोपायला जायला लागले. मावशी म्हणायची, "तू कशाला? तुला तर भुंकताबी येत न्हाई."

पाडव्याच्या आसपास टोळी परत आली. सून ट्रकमधून उतरली, दाराकडे आली, खिळ्यावरचा पट्टा काढला आणि हाक मारली. दोनदा मारली. मग तिने सासूकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी सगळं सांगितलं. ती पट्ट्यावरून अंगठा फिरवत ऐकत होती. शेवटी एवढंच म्हणाली, "म्हंजी म्या काढला नसता तर वाचलं असतं."

"तुझी चूक नाही त्यात."

"मग कुणाची हाय, मॅडम?"

मी चेअरमनकडे बोट दाखवू शकले असते, कमानीकडे, शालीकडे. पण तिला ते ऐकायचं नव्हतं. तिने पट्टा परत खिळ्याला लावला. घुंगरू थोडा वेळ हलत राहिलं.

मृगाने त्या वर्षी लाज राखली. छावणी उठली. कमान उतरवली, पत्रे काढले, फोटो गुंडाळून सोसायटीत नेला. सगळं मोजून नेलं. पंधरवड्याने सून पडलेला कडबा गोळा करायला माळावर गेली आणि ओरडतच परत आली. "मॅडम, तुमाला चावल्यालं कुत्रं तितंच हाय!"

ते कमानीच्या जागी पडलं होतं. खांब उपटून नेताना साखळी शेजारच्या दगडाला अडकवली होती, ती तशीच. डबक्यातलं पाणी पिऊन जगलेलं. गळ्यातला पट्टा, तो परदेशी, पितळी कडीचा, लहानपणी घातलेला असावा. कुणी भोक सैल केलं नव्हतं. तो मांसात रुतला होता आणि त्यात किडे झाले होते. मला बघून ते गुरगुरलं. मी दोन पावलं मागे सरले. सून पुढे गेली, विळ्याने पट्टा कापला, आणि म्हणाली, "उठ मुडद्या."

ज्याला पट्टा आहे त्याला मालक आहे, असा नियम होता.

जनावरांच्या दवाखान्यात जखम धुतली, औषध भरलं आणि रेबीजची लस टोचली. ती त्याच्या आयुष्यातली पहिली. ते मावशीच्या दारात पडून राहायला लागलं. थंडी लागली तेव्हा मी शाल आणून टाकली. रोज भाकरही मीच टाकायचे, लांबून. माझा त्याच्यावर विश्वास बसला नव्हता, आणि त्याचा माझ्यावर बसावा असं मी काही केलंही नव्हतं. पण ते पिसाळलेलं नव्हतं, कधीच नव्हतं. ते उन्हात बांधलेलं होतं.

जखम भरली, अंगावर तुकतुकी आली, तसा चेअरमनचा माणूस आला. बहुधा कुणी तरी ओसरीवर सांगितलं असावं, की सम्राट म्हातारीच्या दारात झोपतो.

"मावशे, चेअरमनचं कुत्रं हाय ते. सोड."

मावशी बाजेवर बसून शेंगा फोडत होती. "चेअरमनचं कुत्रं चावतंय का रं?"

"न्हाई बा. चेअरमनचं कुत्रं कधी चावत न्हाई. समद्या गावाला ठावं हाय."

"हे मास्तरणीला चावलंय," मावशी म्हणाली. "बग तिचा पाय. मग हे चेअरमनचं कसं?"

तो माझ्याकडे बघायला लागला. मी साडी पोटरीपर्यंत वर केली आणि वण दाखवला. गल्लीतल्या बायका दारात येऊन उभ्या राहिल्या. कुत्रं उठलं आणि त्या माणसाकडे चालत गेलं. तो भिंतीला टेकला.

"चावतंय का ते सांग," सून घरातून म्हणाली. "चावत आसंल तर आमचं. चावत नसंल तर धर त्याला अन् ने."

त्याने कुत्र्याकडे पाहिलं. हात काही पुढे गेला नाही. जाताना म्हणाला, "पट्टा तरी द्या. चांगल्यातला व्हता."

सुनेने तो कापलेला पट्टा आणून दिला. त्यावर वाळलेलं सगळं तसंच होतं. त्याने तो दोन बोटांत धरला आणि नेला. त्या माणसाचाही मला राग येतो, हे सांगायला हवं, कारण नेलाच त्याने.

दिवाळी झाली. ट्रक आला. भांडी चढली, कोयते चढले. सून शेवटी दारापाशी आली आणि तिथे थबकली. कुत्र्याच्या गळ्याभोवती केस न आलेली कातडी होती, कंकणासारखी. काढायला पट्टा नव्हताच. खिळ्यावर जुन्या कुत्र्याचा होता.

"घाल," मावशी म्हणाली. "न्हाईतर पुन्हा नेत्याल."

"घालून कुपाटीत अडाकलं म्हंजी?"

"घातला तरी मराण, न घातला तरी मराण. घाल."

मुकादम हॉर्न वाजवत होता. "अगं ए बये, चल की! कुत्र्याला काय कोयता देतीस का?"

सुनेने पट्टा खिळ्यावरून काढला, त्याच्या गळ्यात अडकवला, आणि ट्रककडे गेली. चाकावर पाय ठेवला. मग उतरली आणि पळत परत आली. मुकादमाने कपाळावर हात मारला. ती खाली बसली, पट्ट्याचं एक भोक सैल केलं, आत दोन बोटं घालून फिरवून बघितली.

"मॅडम," ती वर न बघता म्हणाली, "म्हैन्याला एकदा बोटं घालून बगत जावा. बसत नसतील तर सैल करा."

"मला चावलं तर?"

"तर परत शाल मिळंल," ती म्हणाली, आणि ट्रककडे पळाली.